टिंबाची फाइल

तेरावी पायरी नोंदली गेली तेव्हा तृप्ती खराडे पलूसजवळच्या वीज उपकेंद्रात, कंट्रोल रूममधल्या आपल्या टेबलाशी बसून भाकरीवर शेंगदाण्याची चटणी घेत होती. दुपारचे तीन वाजून गेले होते. गावोगाव वीज नेणारे सगळे फीडर शांत होते, म्हणून उशिरा का होईना जेवायला सवड मिळाली होती. समोरच्या पडद्याच्या कोपऱ्यात ती एक बारीकशी काळी चौकट कायम उघडी ठेवत असे. बरोबरच्यांना वाटे, बाई कुठल्यातरी ट्रान्सफॉर्मरचं तापमान बघतात. प्रत्यक्षात त्या चौकटीत तिला नवऱ्याचे पाय दिसत.

‘पायरी १३’ अशी ओळ चौकटीत उमटली. मग ‘पायरी १४’.

घास हातातच राहिला. रणजितचे पाय एका दमात बारा पायऱ्यांच्या वर चढूच शकत नव्हते. ताकद नव्हती म्हणून नव्हे. तृप्तीनेच तशी तजवीज करून ठेवली होती, आणि ती त्याला ठाऊक नव्हती. आज सकाळपर्यंत.

दोन वर्षांपूर्वी रणजित लाइनमन होता, आणि चांगला होता. चांगला लाइनमन म्हणजे भित्रा लाइनमन, असं तो स्वतःच म्हणे. खांबावर चढण्याआधी आपल्या हाताने फ्यूज काढायचा, आपल्याच खिशात टाकायचा, आणि ज्याने काढला त्यानेच खाली उतरून परत बसवायचा, ही या लोकांची रीत. तार मेली आहे असं सख्ख्या भावाने शपथेवर सांगितलं तरी टेस्टर लावल्याशिवाय बोट लावायचं नाही. त्या दिवशीही फ्यूज खिशात होता आणि टेस्टरही लावून झाला होता. पण वाटेतल्या एका बंगल्याच्या गच्चीवर कुणीतरी सौर पॅनल घरच्या घरी जोडलं होतं. टेस्टर लावला तेव्हा उन्हावर ढग होता. तो सरकला, पॅनल जागं झालं आणि मेलेल्या तारेत उलटीकडून वीज आली. रणजित बावीस फुटांवरून दगडावर पाठीवर पडला.

कमरेच्या वरचा मणका तुटला. पुढचं डॉक्टर वैजयंती कुलगुडेंनी तृप्तीला कागदावर रेघा ओढून समजावलं होतं. पाय मेलेले नसतात. तुटलेल्या जागेच्या खालचा मज्जारज्जू जिवंत असतो, आणि पाऊल कसं टाकायचं हे त्याला बऱ्यापैकी ठाऊकही असतं. फक्त मेंदूचा निरोप तिथवर पोचत नाही. म्हणून मज्जारज्जूच्या आवरणावर बत्तीस टिकल्यांची एक पट्टी बसवायची आणि कमरेच्या डब्यातून त्या टिकल्यांना विजेचे बारीक ठोके द्यायचे. कुठल्या टिकलीला, किती जोराचा, किती वेळ, आणि कोणामागून कोण. एक क्रम जमला की गुडघा ताठ होतो, दुसरा जमला की पाऊल उचललं जातं. विजेनेच पाडलं आणि आता वीजच उभं करणार, यावर डॉक्टरीणबाई हसल्या होत्या. तृप्तीला काही हसू आलं नव्हतं.

हसू आलं ते डबा उघडून दाखवला तेव्हा. प्रत्येकाचा कणा वेगळा, एकाची बटणं दुसऱ्याच्या उपयोगाची नाहीत, म्हणून बनवणाऱ्यांनी बटणं ठेवलीच नव्हती. आत होतं साधं शेल. काळी चौकट, मिचमिचणारी एक खूण. शब्दांत आज्ञा लिहायची, यंत्राने ती पाळायची. संगणकाशी बोलायची ही सगळ्यात जुनी रीत. तृप्तीची नोकरी गेली बारा वर्षं अशाच चौकटीसमोर चालली होती. रणजितच्या उजव्या अंगठ्यात एक कडी घातली. बोटांच्या पेरांवर आपण आकडे मोजतो तसा अंगठा टेकवला की अक्षर उमटे, आणि डबा जे काही म्हणे ते कानातल्या बटणातून ऐकू येई.

पण नुसतं खुर्चीतून उठायला एकेचाळीस आज्ञा लागत. व्यायाम घेणारी मुलगी कागदावर बघून एकेक लिही. तिसाव्या आज्ञेला चुकली की रणजित अर्धवट उभा, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

“एवढं काय हो लिहिताय?” तृप्ती म्हणाली होती. “ह्याचा एक शब्द करता येतो.”

करता येतोच. शेलमध्ये जी कामं वारंवार करायची, त्यांची मोळी बांधून तिला एक नाव द्यायचं. त्याला फंक्शन म्हणतात. ती सगळी नावं एका फाइलीत ठेवायची. डबा सुरू झाला की आधी ती फाइल वाचतो आणि तिथे लिहिलेलं आपलंच समजून वागतो. फाइलीच्या नावाआधी टिंब दिलं की ती नेहमीच्या यादीत दिसतही नाही. तृप्तीने त्या आठवड्यात चार मोळ्या बांधल्या. ऊठ, चाल, जिना, बस. रणजितने अंगठ्याने तीन पेरं दाबली आणि तो उठून उभा राहिला. वॉर्डातल्या सगळ्यांसमोर तो रडला, आणि तीही रडली. तसा दिवस दोघांच्या आयुष्यात पुन्हा आला नाही.

पुढे काय झालं ते कुठल्याही संसारात होतं तेच. एकदा रणजित ओट्याशी उभा होता, फोन वाजला, त्याने गडबडीत ‘बंद’ दिलं. ही डब्याची मूळचीच आज्ञा. दिली की ठोके त्या क्षणी थांबतात आणि पायांचं पाणी होतं. तो सरळ फरशीवर आदळला. हनुवटीला सहा टाके पडले. त्याच संध्याकाळी तृप्तीने त्या आज्ञेवर आपलं झाकण बसवलं. नाव तेच ठेवलं, पण आता डबा आधी कानात विचारी, ‘हाताला आधार आहे का?’ अंगठ्याने होकार मिळेपर्यंत ठोके चालूच राहत. रणजितला वाटलं, कंपनीने डबा सुधारला. तृप्तीने ते दुरुस्त केलं नाही. कशाला उगाच पडल्याची आठवण, असं तिने मनाशी म्हटलं.

मग तिने जिन्याला मर्यादा घातली. घरचा जिना बारा पायऱ्यांचा, म्हणून बारा. तेरावीला डबा तिच्या फोनला विचारी आणि तिने हो म्हटलं तरच पुढचं पाऊल उचले. मग दुरून डब्यात शिरायची एक किल्ली तिने स्वतःकडे ठेवली. यातलं काहीच वाईट हेतूने केलेलं नव्हतं. लेकराला गोड बोलून बसवून ठेवतात तसं ती एका बेचाळीस वर्षांच्या माणसाला ठेवत होती, एवढंच तिला दिसत नव्हतं.

घरी बसून माणूस काय करणार? रणजित शेल शिकला. पेपर वाचावा तसा तो डब्यातल्या फाइली वाचू लागला. आणि आज सकाळी, ती निघायच्या वेळी, तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

“टिंबाची फाइल सापडली मला,” तो म्हणाला. “जिन्यात लिहिलंयस, बारा झाल्या की तृप्तीला विचार.”

तिने जेवणाच्या डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. “तुमच्या काळजीनंच केलं.”

“इक्बालच्या नातवाच्या बारशाला दुसऱ्या मजल्यावर जाताना मधीच अडकलो. चौघांनी उचलून नेला मला, बायकामाणसांसमोर. तू काय म्हणालीस?”

त्या दिवशी ती मीटिंगमध्ये होती, फोन बॅगेत होता.

“बॅटरी उतरली म्हणालीस,” रणजित म्हणाला. “महिनाभर मी बॅटऱ्या बदलालोय. मला वाटालं माझंच अंग मला दगा देतंय. झोप लागत नव्हती मला, तृप्ती.”

“अहो, पडला असता तर?”

“पडलो असतो. माझा मी पडलो असतो.” त्याचा आवाज चढला नव्हता, आणि त्यानेच ती जास्त घाबरली. “चालायचं मी माझं आता वेगळं लिहून ठेवलंय. तुझी फाइल काढून टाकतो. आणखी एक सांग. दुरून आत यायची किल्ली हाय का तुझ्याकडं?”

“नाही,” तृप्ती म्हणाली आणि चप्पल घालून बाहेर पडली.

‘पायरी २२’.

तिने रणजितला फोन लावला. उचलला इक्बाल मुलाणीने. रणजितचा जुना जोडीदार. खांबावर एक चढला की दुसरा खाली उभा, अशी त्यांची पंधरा वर्षांची सवय.

“वैनी, फोन माझ्याकडं देऊन गेलाय त्यो.”

“कुठं गेलेत?”

“टाकीवर,” इक्बाल म्हणाला. “वाढीव वस्तीची पाण्याची टाकी हाय न्हवं, ती. म्हटला, चौऱ्याऐंशी पायऱ्या हायत, वरनं गाव बघतो नि येतो. मी म्हटलं मागनं येतो, तर म्हटला, तू खालीच थांब, रीत मोडू नको.”

तृप्तीच्या डोळ्यांसमोर ती टाकी आली. गोल फिरत जाणारा सिमेंटचा जिना, डाव्या हाताला एकच गंजका पाइप, आणि पाइपापलीकडे हवा. पण चढला तर चढू दे, असंही तिला क्षणभर वाटलं. पाय नीट पडत होते. ठोक्यांचा जोर नेमका होता. त्याने स्वतः लिहिलेलं ‘जिना’ तिच्यापेक्षा मऊ चालत होतं, हे तिला आकड्यांवरून दिसत होतं आणि त्याचा थोडा अभिमानही वाटत होता.

‘पायरी ३७’ उमटली तेव्हा तिला डॉक्टरांचा नियम आठवला. सलग ठोक्यांनी स्नायू थकतात, म्हणून ऐंशी पावलं झाली की दोन मिनिटं बंद. रणजित नियम मोडणारा माणूस नव्हता. वर पोचायला चार पायऱ्या राहिल्या असल्या तरी तो ऐंशीला थांबणार आणि ‘बंद’ देणार.

आणि डबा विचारणार, हाताला आधार आहे का.

तृप्तीने आपल्या मनातलं हे वाक्य पुन्हा ऐकलं. डबा विचारणार नव्हता. डब्याने कधीच विचारलं नव्हतं. तो प्रश्न तिच्या फाइलीत होता, जिन्याच्या मर्यादेखाली चाळीस ओळी सोडून. रणजितने रागात मर्यादा तेवढी वाचली आणि अख्खी फाइल काढून टाकली. ऊठ, चाल, बस, जिना त्याने आपल्या हाताने नव्याने लिहिले. ‘बंद’ लिहिलं नाही, कारण ते तर डब्याचंच आहे, असं तो वर्षभर समजत होता. टेस्टर लावल्याशिवाय तारेला न शिवणारा माणूस त्या प्रश्नावर डोळे झाकून विसंबला होता. इतका, की अलीकडे तो खुर्चीपासून दोन पावलांवर असतानाच ‘बंद’ देऊन मोकळा होई. प्रश्न येईल, तोवर हात टेकेल, मग होकार देऊ. वेळ वाचतो, म्हणे.

“इक्बालभाऊ, त्यांना हाक मारा. ‘बंद’ देऊ नका म्हणावं.”

“मोटर चालू हाय वैनी, कानठळ्या बसाल्यात. त्याला काय ऐकू जातंय? वर पळू का?”

“पळा.”

पण अठ्ठेचाळीस पायऱ्यांचं अंतर आणि छप्पन्न वर्षांचे गुडघे. वेळेत पोचेल याचा भरवसा तिला नव्हता. ‘पायरी ४९’. चार-चार सेकंदांनी एक ओळ. ऐंशीपर्यंत दोन मिनिटं.

किल्ली होती. आत शिरून आपली फाइल जशीच्या तशी परत ठेवता आली असती. तिची बोटं तिकडे वळलीही, आणि थांबली. नवी फाइल वाचायची तर डब्यातलं शेल पुन्हा सुरू करावं लागतं. त्यात तीन सेकंद ठोके नसतात. घरी तो पलंगावर असताना तिने दहादा हे केलं होतं. आता तीन सेकंद म्हणजे जे टाळायचं तेच आपल्या हाताने करणं. एवढी वर्षभर जपून ठेवलेली किल्ली, आणि तिने काही उघडता येत नव्हतं.

एक गोष्ट मात्र करता येत होती. एका शेलमधून दुसऱ्या शेलमध्ये निरोप लिहिता येतो. तो रणजितच्या कानात वाचला जाईल. आणि त्याच क्षणी त्याला कळेल की किल्ली आहे. सकाळी ती त्याच्या तोंडावर खोटं बोलली. आज सकाळी जे तुटता तुटता राहिलं ते मग कायमचं तुटेल, याची तिला खात्री वाटत होती. माणूस जगला तरी आपल्याजवळ राहणार नाही, असा विचार तिच्या मनात आला. ‘पायरी ६८’ उमटली तरी ती नुसती बघत होती. त्या सहा-सात पायऱ्यांची लाज तिला पुढे कित्येक दिवस वाटत राहिली.

७४ ला ती लिहू लागली. ७६ ला चौकटीत रणजितची अक्षरं दिसू लागली. सवयीप्रमाणे तो आज्ञा आधीच लिहून तयार ठेवत होता. ‘ब’. मग ‘बं’. मग ‘बंद’, आणि पुढे मिचमिचणारी खूण. आज्ञा सोडायला आता फक्त अंगठा करंगळीच्या मुळाशी टेकायचा बाकी होता.

तिने निरोप सोडला. ‘तृप्ती बोलते. बंद देऊ नका. आधार आहे का हे डबा विचारत नव्हता, मी विचारत होते. ती फाइल तुम्ही काढलीत. आता दिलंत की लगेच पडाल. आधी कठडा धरा.’

‘पायरी ७८’ नंतर नवी ओळ आली नाही.

‘बंद’ तिथेच होतं. खूण मिचमिचत होती. तृप्तीने मोजलं नाही, पण शेजारच्या टेबलावरच्या गुरवसाहेबांनी नंतर सांगितलं की ती उभी राहून दोन्ही हातांनी पडदा धरून होती. मग एक अक्षर पुसलं गेलं. मग दुसरं. मग ओळ रिकामी झाली.

तृप्तीने खुर्ची पुढे ओढून घेतली.

रणजितने उत्तर लिहिलं, पण शेलला बोलणं आणि आज्ञा यातला फरक कळत नाही. त्याने लिहिलं, ‘किल्ली हाय म्हणजे’. खाली डब्याने इमानेइतबारे छापलं, ‘किल्ली: अशी आज्ञा नाही’.

‘आहे,’ तिने लिहिलं. ‘सकाळी खोटं बोलले.’

डाव्या हाताने पाइप धरून, कोपर पाइपामागे अडकवून तो उभा असणार. मांड्या थरथरत असणार. ठोक्यांना मिळणारा प्रतिसाद पाचपैकी तीन इतका उतरला होता. बसवा त्यांना, पटकन बसवा, असं तिचं मन ओरडत होतं. तेवढ्यात चौकटीत ओळी उमटू लागल्या. तो निरोप लिहीत नव्हता. तो तिथे, अठ्ठ्याहत्तराव्या पायरीवर, अंगठ्याने पेरं दाबत ‘बंद’ नावाचं आपलं फंक्शन लिहीत होता.

पहिली ओळ बरोबर. दुसरीत प्रश्न. तिसरीत उत्तराची वाट बघायची. चौथीत त्याने कंस उघडला आणि मिटवला नाही. तृप्तीची बोटं आपोआप कळफलकावर गेली. एक अक्षर, फक्त एक अक्षर तिने सांगितलं असतं तर वीस सेकंद वाचले असते. तिने दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसली. डब्यानेच सांगितलं, कंस राहिला. रणजितने तो मिटवला. फंक्शन तयार झालं.

मग ‘बंद’ आलं. डब्याने विचारलं, ‘रणजित, धरलंयस का घट्ट?’ उत्तर गेलं, ‘व्हय’. तो पायरीवर टेकला असणार, कारण पुढची दोन मिनिटं ठोके शून्य होते आणि बाकी सगळं ठीक होतं.

दोन मिनिटांनंतर शेवटची एकच ओळ आली. किल्ल्यांच्या यादीतून तृप्तीची किल्ली काढून टाकणारी ओळ, एकही चूक नसलेली. तिच्या चौकटीत आलं, ‘जोडणी संपली’.

ती गुरवसाहेबांना चार्ज देऊन स्कूटरवर निघाली. अकरा मिनिटांचा रस्ता. त्या अकरा मिनिटांत तिला रणजितच्या पायांबद्दल काहीच माहीत नव्हतं. वर्षभरात असं प्रथमच घडत होतं, आणि ते सहन करणं तिला फार जड गेलं.

टाकीखाली पंप धडधडत होता. इक्बाल पायथ्याशी परत येऊन थांबला होता, घामाने निथळत.

“वर गेला शेवटपत्तोर,” तो म्हणाला. “मला मधल्या वळणावरनंच हातानं खुणावून खाली धाडला. आता उतरालाय.”

तिने वर बघितलं. गोल जिन्यावर रणजित दिसे, वळणाआड जाई, पुन्हा दिसे. उतरणं चढण्यापेक्षा कठीण; गुडघा वेळेवर सैल व्हावा लागतो आणि वेळेवर ताठ. तिसऱ्या वळणावर तो थांबला, आणि थांबलाच.

“हाक मारू का, वैनी?”

“नको.”

पाच-सहा मिनिटं गेली असतील. मग पाऊल हललं. पंचवीस पायऱ्या राहिल्या, दहा राहिल्या. शेवटच्या पायरीवरून तो मातीत उतरला, पाइप सोडला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला. चेहरा पांढरा पडला होता. शर्ट पाठीला चिकटला होता.

“तुझा तो प्रश्न बरा होता,” तो म्हणाला. “मला सांगून घातला असतास तर मी नको म्हटलं नसतं.”

“मला वाटलं, तुम्ही नाही म्हणाल.”

“मग डब्याला विचारायला लावलंस, फोनला विचारायला लावलंस. मला तेवढं इचारलं न्हाईस.”

मग तृप्तीने धीर करून त्याच्या डोळ्यांकडे बघितलं.

“आता विचारते,” ती म्हणाली. “ती किल्ली परत द्याल का मला?”

रणजितने विचार केला. खरोखर केला, घाईने बोलला नाही.

“न्हाई,” तो म्हणाला.

तिने मान डोलावली. रडू येत होतं ते तिने येऊ दिलं. रणजितने इक्बालकडून आपला फोन घेतला, खिशात टाकला आणि घराच्या दिशेने चालू लागला. ती स्कूटर हातात धरून, ढकलत, त्याच्या शेजारून चालत राहिली.